आरएक्सचा ब्लॉक उद्यमनगरात बोअर करून घेतला, त्याबद्दल

बरेच जण विचारतायत की चिखलात पळवायची आरएक्स, म्हणजे यामाहाची जुनी टू स्ट्रोक गाडी, कुठं बांधून घेतलीस, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मिस्त्रींनीच हात जोडून सांगितलंय, नाव नको, हातात आहे तेवढंच काम वेळेत होईना. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत, एका बाजूला पंपाचे इंपेलर टर्न करणारा, दुसऱ्या बाजूला कास्टिंगचे पॅटर्न करणारा आणि मधे एक शटर. ज्याला खरंच जायचंय त्यानं तिथल्या चहाच्या गाड्यावर 'टू स्ट्रोकवाले मिस्त्री' एवढं विचारावं, दाखवतील.

आधी गाडीचं सांगतो, नाहीतर काम किती अवघड होतं ते कळणार नाही. यामाहा आरएक्स १००, ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक पण ५०, ताकद ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. कंपनीनं ती डर्ट बाईक म्हणून काढलेली नाही हे मला पण माहितीय, पण हलकी आहे, पिकअप खाली-वर कुठंही मिळतो, चिखलात पडली तर एकट्यानं उचलता येते, आणि इंजिन एवढं साधं की संध्याकाळी खोलून रात्री बांधता येतं. परदेशातल्या त्या उंच उंच डर्ट बाईक आपल्या खिशातल्या नाहीत, आणि चिखलाचा नाद लागायला आरएक्स पुरेशी आहे.

माझी १९९३ ची. आंबेवाडीकडच्या एका गोठ्यातून घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे विचार करा. चिखली-आंबेवाडी सगळी पाण्यात. ही गाडी आठवडाभर पाण्याखाली होती आणि त्यानंतर वर्षभर कुणी हात लावला नाही, कारण घरात त्याहून मोठी नुकसानं झाली होती. २०२० च्या दिवाळीत मी आणली तेव्हा गिअरबॉक्सचा बोल्ट खोलल्यावर पहिल्यांदा नुसतं पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं ऑइल, आणि शेवटी बोटाला बारीक गाळ लागला. टाकीत खडी घालून हलवून हलवून गंज काढला, वायरिंग नवीन ओढलं, दोन्ही चाकांच्या बेअरिंगा बदलल्या, हे सगळं घरीच केलं. इंजिनचं काम मात्र बाहेर द्यावं लागलं आणि तिथंच पहिल्यांदा फसलो.

पहिलं काम दुसऱ्याच एका ठिकाणी दिलं होतं. त्यांनी क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, हातानं फिरवून बघितला, 'चांगलाय' म्हटले, ब्लॉक (सिलिंडर) आतून कापून ५०.५० मिलिमीटरला बोअर केला, नवीन पिस्टन घातला, दोन दिवसांत गाडी दिली. १९० किलोमीटर चालली. केर्लीच्या पुढं एका चढाला दुसऱ्या गिअरवर असताना खर्रकन आवाज आला आणि मागचं चाक लॉक. घरी येऊन खोललं तर पिस्टनची वरची रिंग तुटलेली आणि ब्लॉकला वरपासून खालपर्यंत ओरखडे. त्या दुकानात परत गेलो तर म्हटले ऑइल कमी घातलं असशील. मी लिटरभर पेट्रोलला ४० मिली टूटी ऑइल मापाच्या बाटलीनं घालतो, नवीन इंजिन होतं म्हणून मुद्दाम जास्तच घालत होतो. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण कारणच कुणी सांगेना याचा लई त्रास झाला.

मग एका ओळखीच्या पोरानं या मिस्त्रींकडं पाठवलं.

मिस्त्री साठीच्या पुढचे असतील. ब्लॉक हातात घेतला, डिझेलच्या फडक्यानं पुसला, दाराशी जाऊन उजेडाकडं धरला आणि काहीच बोलले नाहीत. मग बोट आत घालून सायलेन्सरच्या बाजूच्या खिडकीच्या कडेवरून फिरवलं आणि ब्लॉक माझ्याकडं केला, "घाला हात, बघा." कड सुरीसारखी धारदार होती. "बोर केलाय, पण कडा मारल्या न्हाईत. रिंग मरणारच की हो."

हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोर स्ट्रोकमध्ये ब्लॉकची भिंत सलग असते. टू स्ट्रोकमध्ये भिंतीलाच खिडक्या असतात, पेट्रोल आत यायची आणि धूर बाहेर जायची. पिस्टन दर फेरीला त्या खिडक्यांवरून जातो आणि रिंगेला बाहेर पडायचा ताण असतोच, त्यामुळं खिडकी आली की रिंग किंचित त्यात फुगते. बोअर केल्यावर खिडकीच्या कडा नवीन धारदार होतात, त्या घासून गोल केल्या नाहीत तर रिंग कधीतरी अडकते आणि मोडते. हाताला पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळं माझा ब्लॉक गेला होता.

नंतर त्यांनी बोअर गेज काढला, ब्लॉकचं आतलं माप घ्यायचा. वर, मधे, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी, सहा मापं घेतली आणि शेजारच्या प्रेस मशीनच्या अंगावर खडूनं लिहिली. सगळ्यात मोठं माप ५०.५८ आलं. मी डोक्यात ठरवूनच गेलो होतो, म्हटलं मिस्त्री सरळ ५१ करून टाका, मोठा पिस्टन बसेल, ताकद पण वाढेल. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हटले, "एकावन्न कशाला? पाऊणमध्ये साफ निघतंय की. पुढच्या बारीला काय ठेवायचं?"

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आरएक्सचा पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातो, ५०.२५, ५०.५०, ५०.७५ आणि ५१. त्याच्या पुढं काम नाही. म्हणजे ब्लॉकला एकूण चार बाऱ्या आणि त्यातली एक त्या आधीच्या दुकानानं फुकट घालवली होती. गाडी बंद होऊन किती वर्षं झाली, चांगला मूळ ब्लॉक आता शोधून सापडत नाही आणि सापडला तर मागतील ती किंमत. ५१ केला असता तर मिस्त्रींचं काही बिघडलं नसतं, मजुरी तेवढीच मिळाली असती. माझ्या गाडीची उरलेली बारी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जपली.

पिस्टन मात्र तुम्हाला आणायला लागतो आणि तो हातात आल्याशिवाय ते बोअरला हात लावत नाहीत. मी ५०.७५ लिहिलेला डबा घेऊन गेलो. त्यांनी पिस्टनच्या खालच्या बाजूला मायक्रोमीटर लावला तर ५०.६८. परत पाठवला. डब्यावरच्या आकड्यावर विसंबून ५०.७५ बोअर केला असता तर पिस्टन आणि ब्लॉकच्या मधे ७० मायक्रॉन (०.०७ मिलिमीटर) गाळा राहिला असता आणि गाडी थंडीत खडखडली असती. दुसरा आणला तो ५०.७१ भरला, मग त्याला धरून ४० मायक्रॉन गाळा ठेवून बोअर आणि होनिंग, म्हणजे दगडानं शेवटची घासाई, केलं. आतमध्ये होनिंगच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, सगळीकडं सारख्या, खिडक्यांच्या कडा बोटाला गुळगुळीत. त्यानंतर रिंग नुसतीच ब्लॉकमध्ये सोडली, पिस्टननं ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली. ही पद्धत मी पुस्तकात वाचली होती, करताना पहिल्यांदाच बघितली.

क्रँक पण त्यांनीच मागून घेतला, मी दिला नव्हता. पुराची गाडी म्हटल्यावर म्हणाले क्रँक बघितल्याशिवाय ब्लॉक देणार नाही. प्रेसवर उघडला तर रॉडच्या खालच्या बेअरिंगच्या सुयांवर गंजाचे ठिपके, पिनेवर पण. रॉड किट नवीन घातलं, आणि मग खरं बघण्यासारखं काम, क्रँक दोन सेंटरमध्ये धरून हळूहळू फिरवायचा, डायलचा काटा बघायचा आणि तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका. परत फिरवायचा, परत ठोका. पाऊण तास मी तिथं उभा होतो आणि काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत आल्यावरच त्यांनी क्रँक खाली घेतला. क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदलायलाच लावले. मॅग्नेटकडचा सील गेला तर इंजिन हवा ओढतं, गाडी आधी वाऱ्यासारखी पळते आणि मग जाम होते. क्लचकडचा गेला तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर काढते. दोन सीलांची किंमत बघता हे टाळण्यात काहीच अर्थ नाही.

आता जे आवडलं नाही ते. आठ दिवस सांगितले आणि बावीस लागले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारायला लागतं, आणि गेलं तर 'उद्या या' हे दोनदा ऐकलं. लांबून, गडहिंग्लज-चंदगडकडून येणाऱ्या माणसाला हे परवडणार नाही. बिल नाही. मोजलेली मापं खडूनं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसली जातात, मी फोटो काढून ठेवले म्हणून माझ्याकडं आहेत. एवढं अचूक मोजणाऱ्या माणसानं एक चिठ्ठी लिहून दिली तर गाडी पुढं ज्याच्याकडं जाईल त्याला पण उपयोग होईल, हे मी त्यांना सांगितलं, हसले फक्त. पैसे बोअर-होनिंग आणि क्रँकची मजुरी मिळून दोन हजारांच्या आत गेले, पार्ट वेगळे. आधीच्या दुकानापेक्षा जास्तच, पण मला महाग वाटत नाही.

इंजिन मी घरी बांधलं. रिंगेच्या टोकांमधली फट पिस्टनवरच्या छोट्या पिनेवर बसते का ते दोनदा बघा आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं. मिस्त्रींनी निघताना एवढंच सांगितलं, "पयलं पाचशे किलोमीटर दामटू नका, आणि एकाच स्पीडवर बी ठेवू नका." तसंच केलं. आता चौदा महिने झाले, २१०० किलोमीटर, प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी, थंडीत दुसऱ्या किकला सुरू.

चालवायला आम्ही पाणंदीतच जातो. ऊस तोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या पावसात गुडघाभर होतात, तिथं खरी परीक्षा. चाकोरीत शिरलं की हँडल मारायचं नाही, उभं राहून वजन मागं, नजर लांब, आणि क्लचवर एक बोट. पुरात मेलेलं हेच इंजिन काळ्या मातीच्या चिखलात पहिल्या गिअरवर दहा दहा मिनिटं ओढतं आणि आवाज बदलत नाही, तेव्हा त्या डायलच्या काट्याची आठवण येते. ओढ्यातून बाहेर आल्यावर दोन्ही ब्रेक ड्रमचे, पाणी गेलेलं असतं, थोडा वेळ ब्रेक हलका दाबून चालवा म्हणजे वाळतात. एअर फिल्टरचा फोम दर फेरीनंतर धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवा, बारीक धूळ आत गेली की मिस्त्रींनी ठेवलेले ४० मायक्रॉन कुठल्या कुठं जातात. उभ्या पिकात गाडी घालू नका आणि पाणंदीत बैलगाडी समोरून आली तर इंजिन बंद करून बाजूला थांबा, टू स्ट्रोकच्या आवाजाला बैल बुजतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तर गाडी नकोच, तिथल्या जांभ्यावर मातीचा जेमतेम थर आहे आणि पावसात त्यातूनच फुलं येतात, एका टायरच्या रेघेनं ती जागा वर्षानुवर्षं उघडी पडते. लाइट, नंबरप्लेट, मूळ सायलेन्सर मी सगळं जाग्यावर ठेवलंय आणि पासिंग पाच वर्षांचं करून घेतलंय, पाणंदीपर्यंत जायला डांबरी रस्ता लागतोच.

मागच्या महिन्यात गाडी घेऊन मिस्त्रींकडं गेलो होतो, काम काहीच नव्हतं. त्यांनी टाकीवर हात ठेवून इंजिनचा आवाज ऐकला, एकदा थ्रॉटल दिला, सोडला, आणि परत लेथकडं वळले. प्रेसच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या तरी ब्लॉकची सहा मापं खडूनं लिहिलेली होती.

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन तिन्ही एकदमच न्या, आणि दोन कंपन्यांचे पिस्टन नेता आले तर बरं, म्हणजे मोजून जो बसेल तो ठेवता येतो. पावसाळ्याआधी गाडी तयार पाहिजे असेल तर मार्चमध्येच द्या.