सिडनीत एकटे असाल आणि एकच दिवस मोकळा असेल तर: मॅनली बीच की बाँडाय बीच?

माझं मत आधीच सांगते, मॅनली. कारण तिथे जाणं हीच अर्धी सहल आहे. ‘सर्क्युलर की’ या धक्क्यावरून फेरी बोट पकडायची, वेगळं तिकीट काढायची भानगड नाही, बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं, आणि मग अर्धा तास ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज, पुढे बंदराच्या तोंडाशी आलं की मोकळ्या समुद्राच्या लाटांवर बोट हलायला लागते, एकट्याने डेकवर उभं राहून बघायला एवढं भारी दुसरं काही नाही!! उतरल्यावर समुद्राच्या कडेने शेली बीचपर्यंत चालत जा, सपाट आणि सोपा रस्ता आहे. परतीची फेरी संध्याकाळची घ्या, सूर्य ब्रिजच्या बाजूला मावळतो.

बाँडाय कमी नाहीये हं. चालायची आवड असेल तर बाँडाय ते कूजी हा साधारण 6 किमीचा कड्यांवरचा रस्ता खरंच सुंदर आहे, वाटेत टॅमरामा, ब्राँटे, क्लोव्हेली असे बीच लागतात आणि वाटेवर लोक असतात त्यामुळे एकट्या बाईलाही दिवसा अवघडल्यासारखं होत नाही. पण पायऱ्या चिकार, सावली फार कमी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकरच निघा, टोपी आणि पाणी हवंच. ट्रेनने बाँडाय जंक्शन, तिथून 333 नंबरची बस.

पोहायचं असेल तर दोन्हीकडे जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, सोबत कोणी नसताना तर नक्कीच.