'जेन एअर'मधून जेनच पळवली तर?

जास्पर फोर्ड यांची 'द एअर अफेअर' ही २००१ची इंग्रजी कादंबरी. नावातलं 'एअर' शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या कादंबरीतलं. मुखपृष्ठ बघून ही पोलिसी रहस्यकथा वाटते आणि तशी ती आहेही, पण त्यासाठी वाचाल तर निराश व्हाल. खलनायक नाटक कंपनीतल्यासारखा गडगडाटी हसतो, आणि नायिकेचं जुनं प्रेमप्रकरण मी सरळ पानं उलटत संपवलं.

मजा आहे ती त्या जगात. साल १९८५, पण एकोणिसाव्या शतकातलं क्रिमियाचं युद्ध अजून चालूच आहे, वेल्स वेगळा समाजवादी देश झालाय. शेक्सपिअरची नाटकं त्याच्या काळातल्या फ्रान्सिस बेकन या लेखकाने लिहिली हे पटवायला माणसं दारोदार हिंडतात. 'तिसरा रिचर्ड'च्या प्रयोगाला प्रेक्षकांतलेच लोक भूमिका करतात आणि उरलेले ओळीओळीला ओरडून साथ देतात. आपल्याकडचे वन्समोअरवाले यांच्यापुढे फारच शिस्तीचे! असल्या देशात साहित्यातल्या गुन्ह्यांसाठी पोलिसांची वेगळी शाखा असणारच. नायिका थर्स्डे नेक्स्ट तिथे काम करते. तिच्या काकांनी पुस्तकात शिरायचं यंत्र बनवलंय आणि काकू वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्समध्ये अडकून पडल्यात. ती कविता शाळेत घोकलेल्यांना काकूंबद्दल विशेष कणव वाटेल.

मूळ हस्तलिखितात शिरून काही बदललं की जगातल्या सगळ्या प्रती बदलतात, हा इथला नियम. खलनायक आधी डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मधलं एक किरकोळ पात्र बाहेर ओढून ठार करतो. मग उचलतो जेनला. पण 'जेन एअर' सांगतं कोण? जेनच. ती गेल्याबरोबर पुढचा मजकूर गायब! प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे काय, यावर एम.ए.ला आमच्या मॅडमनी तासच्या तास घेतले होते. फोर्डने ते एका अपहरणात उरकलं.

साहित्यिक पर्यटनाची त्याने केलेली थट्टा मला सगळ्यात आवडली. यॉर्कशरमधल्या हॉवर्थला ब्राँटे भगिनींचं घर आहे, आज ते संग्रहालय आहे. लहानगी थर्स्डे तिथे हस्तलिखित बघता बघता पुस्तकातच जाऊन पोचते आणि तिला बुजून 'जेन एअर'चा नायक रोचेस्टर याचा घोडा घसरतो. (खरं हस्तलिखित लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, पण गोष्टीसाठी एवढं चालतं.) पुढे कळतं की एक जपानी बाई पर्यटकांना थेट रोचेस्टरच्या थॉर्नफील्ड वाड्यात नेते आणि वाड्याचा खर्च भागावा म्हणून रोचेस्टर पैसे घेऊन त्यांना हिंडवतो. इतका गर्विष्ठ माणूस, आणि गाइडगिरी करतोय!

नावांतल्या कोट्या निम्म्या माझ्या डोक्यावरून गेल्या. लंडनचे रस्ते तोंडपाठ असणाऱ्यांना जास्त हसू येईल.

थर्स्डेच्या जगातल्या 'जेन एअर'चा शेवट वेगळा आहे. तिथे जेन ही सेंट जॉन या धर्मप्रचारकाबरोबर हिंदुस्थानात निघून जाते आणि तमाम वाचक त्यावर नाराज असतात. आपल्या १८४७च्या कादंबरीत ती त्याच्या आग्रहाखातर हिंदुस्थानी शिकते, पण इकडे येत नाही. त्या शेवटाचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. घरातल्या कॉलेजवयीन मुलांना हे पुस्तक द्यायचं असेल तर आधी 'जेन एअर' द्या, आणि तीही संक्षिप्त नको. कात्री लागते ती बहुधा सेंट जॉनच्याच प्रकरणांना.