वाईहून सायकल: पसरणी घाट की मेणवली-धोम?

दमाची परीक्षा घ्यायची तर पसरणी घाट. वाई सोडली की पाचगणीपर्यंत सुमारे १२ किलोमीटर चढच चढ. वळणावर थांबलं की खाली कृष्णेचं खोरं दिसतं. पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या पाठ सोडत नाहीत.

माझं मन रमतं ते मेणवली-धोमच्या रस्त्यावर. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि तिथली ती भलीमोठी घंटा! १७३९च्या वसई मोहिमेनंतर आणलेली. पुढे धोमच्या मंदिरात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. चढ किरकोळ, वाहनं कमी. पहिल्यांदा येणाऱ्याला मी हाच रस्ता सांगेन. घाट दुसऱ्या दिवशी, उजाडताच.