स्प्रिंगची बंदूक: थेट धक्क्याची की दट्ट्याची?

चवथीला (गणेश चतुर्थीला) मुलासाठी खेळण्यातली बंदूक घ्यायची म्हणून वहिनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन हातांत दोन धरून उभी.

थेट धक्क्याच्या बंदुकीत स्प्रिंगच गोळी ढकलते. स्प्रिंग, खटका, नळी, संपलं. स्वस्त, आणि चार स्क्रू काढले की घरी दुरुस्त. पावसाळ्यात स्प्रिंगला गंज मात्र चढतो.

दुसरीत स्प्रिंग दट्ट्या ढकलते, दट्ट्या हवा दाबतो, हवा फोमची गोळी फेकते. सगळा जीव दट्ट्यावरच्या रबरी कड्यात. ते झिजलं की हवा बाजूने निसटते, गोळी पायाशी पडते. तिथे खोबरेल नको (आमचा सगळ्यावरचा उपाय!), सिलिकॉन ग्रीस लावा. ताणायलाही जोर लागतो.

पाच-सहा वर्षांच्या पोराला पहिली. दहाच्या पुढच्या, लांबचा नेम हवा असलेल्याला दुसरी.