शिऱ्यासाठी सुक्रलोजची पूड: गोडी जमते, रवा मात्र तोच
मधुमेह असेल तर साखरेऐवजी सुक्रलोज या कृत्रिम गोडव्याची पूड शिऱ्यात चालते. उष्णतेने तिची गोडी जात नाही. अ‍ॅस्पार्टेम या दुसऱ्या कृत्रिम गोडव्याची जाते, म्हणून ते इथे नको. पण साखर विरघळून शिऱ्याला जो ओलावा देते, तो हिच्यात नाही. नेहमीच्या मापाने केलात तर शिरा कोरडा होतो, गुठळ्या धरतो. 40 ग्रॅम रव्याला 140 मिली कढत दूध-पाणी घ्या, पूड गॅस बंद केल्यावर चिमटीचिमटीने. जास्त झाली की कृत्रिम चव जिभेवर रेंगाळते.

पाकिटावरच्या ‘शुगर फ्री’वर विसंबू नका, हे कळकळीचं सांगणं. एवढ्या रव्यातच सुमारे 29 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणून अर्धी वाटीच खा, सोबत मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं, बेदाणे टाळा. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर तपासा. पुडीच्या घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर तेही कर्बोदकच धरा.