किडनी बदलल्यावर पाळी गेली : इस्ट्रोजेन जेलचा अनुभव

अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू केलेलं इस्ट्रोजेनचं जेल येळवस (मार्गशीर्ष अमावास्या) झाली तरी चालू आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आईनं दिलेली किडनी मला बसून बरीच वर्षं झाली, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) जागेवर आहे. पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं.

लातूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, त्यात अंगातून वाफा. रात्री घामानं गाऊन भिजला की बाकीच्या बायका पंखा वाढवतात. आम्हाला आधी थर्मामीटर लागतं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोननं प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली, मग हा घाम पाळी गेल्याचा की इन्फेक्शनचा? ताप नसेल तर झोपायचं, असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

जेल का, गोळी का नाही? पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं. कातडीतून गेलं की तो फेरा टळतो. सुरुवातीला मॅमोग्राफी झाली, बीपी बघितलं. गर्भपिशवी आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूलही आहे. तिनं गुंगी येते, आणि खरं सांगायचं तर त्या गुंगीचंच मला जास्त कौतुक.

लावायला सोपं. अंघोळ करून अंग कोरडं केलं की दंडावर पसरायचं, वाळू द्यायचं, मग तासभर पाणी नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात अंग कोरडं राहतं कुठं, म्हणून मी पहाटेच लावते. नातवाला घ्यायच्या आधी बाही खाली, कारण लावलेली जागा लेकराच्या अंगाला लागू द्यायची नसते.

ट्यूबचा खर्च फार नाही, खरा खर्च तपासण्यांचा. इस्ट्रोजेननं टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वर सरकू शकते, आणि ती वाढली तर तिचा त्रास किडनीलाच. म्हणून जेल सुरू केल्यावर आणि मात्रा बदलल्यावर लेव्हल तपासायची. तीही सकाळची गोळी घ्यायच्या आधी. पुण्याला चेकअप असला की रात्रभर ट्रॅव्हल्सनं जायचं, गोळी पर्समध्ये, रक्त दिल्यावरच तोंडात. किडनीचे डॉक्टर आणि बायकांच्या डॉक्टर मॅडम एकमेकांशी बोलल्या नसत्या तर मी हे जेल हातातही धरलं नसतं.

नणंदबाईंचं वेगळंच. "वहिनी, शतावरी-अश्वगंधा घ्या, सगळं गप होतंय बघा." डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. अश्वगंधेनं प्रतिकारशक्ती चाळवली तर अंग परक्या किडनीवर उठायची भीती. पपनस तर आधीपासूनच बंद, त्यानं टॅक्रोलिमसची लेव्हल चढते. जालन्याची मोसंबी चालते, पण पोटॅशियम बघून.

फरक? वाफा महिन्याभरात निम्म्यावर आल्या, पावसाळ्यात तर क्वचितच. झोप लागते, घरात कुणावर खेकसणं कमी झालं. गुडघे मात्र तसेच, वजनही तसंच. हात थरथरतात ते टॅक्रोलिमसनं, त्यात जेलचा काय संबंध! हाडांचं म्हणाल तर इतकी वर्षं प्रेडनिसोलोन पोटात गेलंय, त्यात पाळी गेलेली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनला मणक्याचा टी-स्कोअर उणे 2.5 च्या, म्हणजे हाडं ठिसूळ धरतात त्या रेषेच्या, जवळ आला होता. जेलचा हाडांना आधार होतो म्हणतात. माझ्या बाबतीत किती, ते पुढच्या स्कॅनला दिसेल.

ज्याबद्दल बायका बोलत नाहीत ते शेवटी सांगते. मॅडमनी योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीमही दिलंय. पाळी गेल्यावर तिथली कातडी कोरडी, पातळ होते आणि लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. बदललेल्या किडनीला ते परवडत नाही. मला वर्षातून कितीदा तरी अँटिबायोटिक लागायचं, क्रीम लावायला लागल्यापासून नाही लागलं. रक्तात ते नावाला उतरतं, म्हणून जेल जमत नसेल त्या बाईनंही याबद्दल तरी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

उन्हाळ्यात जेलची मात्रा वाढवायची का, ते पुढची लेव्हल बघून दोन्ही डॉक्टर ठरवतील. क्रीम बंद करा म्हणाले तर मात्र मी वाद घालणार आहे.