हिश्शाचं गणित चुकलेली कादंबरी

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं घर, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली साडेतीन एकर जमीन, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. पैशापायी घर कसं फुटतं ते दाखवायला एवढं पुष्कळ झालं, आणि सुरुवातीला लेखक ते नीट वापरतोही. आईचे सोन्याचे गोठ मोडायला बेळगावच्या खडेबाजारात नेतात, तेव्हा थोरली सून सराफाच्या काट्यावरून नजर हलवत नाही. तो आतल्या लाखेचं वजन वजा करायला लागतो आणि इतका वेळ गप्प असलेली धाकटी म्हणते, "आधी फोडून दाखवा." हे प्रकरण झकास.

पुढे लेखकाला कागद झेपलेला नाही. धाकटा भाऊ सातबारा घेऊन येतो, त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये! सातबारा महाराष्ट्रातला, खानापुरात येणार कुठून? इथं आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, मिळते, तीही कन्नडमध्ये, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. मराठी घरात ती वाचून कोण सांगणार आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, यातच दोन प्रकरणं निघाली असती.

साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, तेव्हा हिंदू वारसा कायद्याने चौघं सारखेच वारस, प्रत्येकी ३५ गुंठे. कादंबरीत भाऊ ७०-७० गुंठे धरून विहिरीकडच्या बाजूवरून भांडतात. भाऊ असं करतातच, त्यात नवल नाही. पण निवेदकही तोच हिशेब खरा मानतो, आणि आईचा हिस्सा शेवटपर्यंत कुणाला आठवत नाही.

सगळ्यात मोठी गफलत बहिणीची. माजघरात बसून ती शंभराच्या बाँडवर सही करते आणि तिथून पुढे सगळी पात्रं तिचा हक्क संपला असं धरून रडतात. जमिनीतला हक्क असा सुटत नाही. हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं. म्हणजे उत्तरार्धाचा सगळा डोलारा एका निकामी कागदावर. शिवाय एकाच सर्व्हे नंबरचे तुकडे पाडायचे तर आधी सर्व्हेअरची मोजणी आणि ११-ई नकाशा, म्हणजे पाडायच्या तुकड्यांचा सरकारी मोजणी नकाशा, हवा. कादंबरीत रविवारी दोरी धरून बांध घालतात, सोमवारी वाटणी पक्की!

संवादांत खानापूरचा मागमूस नाही; सगळे सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलतात.

विकत घेऊ नका. वाचनालयात मिळाली तर गोठांचं प्रकरण तेवढं वाचा.